आधी माझी लावा

श्रीगोंद्यात मी लोकांची आयकराची विवरणपत्रं भरते. साखर कारखान्यातला एक फिटर दरवर्षी येतो. पोलिओने त्याचा पाय अधू आहे, पण जिन्यात कोणी हात दिला की म्हणतो, "मला नगं, जिन्याला धरा, त्यो हलतोय." दिव्यांगांची करसवलत सुचवली की म्हणतो, "न्हाई ताई, मी धडधाकट हाय."

यंदा त्याने कारखान्यातलाच एक सोबती आणला. यंत्रात बोटं गेलेला उजवा हात त्याने खिशात ठेवला होता. सवलतीचं नाव काढताच तो उठला. "मी काय भिकारी हाय व्हय?"

फिटरने त्याला खाली बसवलं आणि स्वतःचा दिव्यांगत्वाचा दाखला माझ्यापुढे ठेवला. "आधी माझी लावा, ताई. मग ह्याची."

जिना उतरताना फिटरने आधाराला सोबत्याचा तोच उजवा हात मागितला आणि धरला. आधार खरंच लागत होता का, हे मला अजून कळलेलं नाही.