उंबऱ्याबाहेरचे वसुलीकाका

वसुलीकाकांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येत असे आणि ती लपवण्याचे कष्ट ते घेत नसत. ऑफिसातल्या माठावरचा सामाईक पेला, टोक चावलेलं पेन, थुंकी लावून उलटलेलं पान, दात कोरत बोलणारे साहेब, यातलं काहीही समोर आलं की त्यांचे ओठ खाली वळत. पण सगळ्यांत जास्त किळस त्यांना ज्या कामाची होती, तेच त्यांनी तीस वर्षं केलं. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कामगारांची पतसंस्था होती. तिची थकलेली कर्जं वसूल करणं हे काकांचं काम. ते मूळचे नागपूरकडचे, वडिलांच्या बदलीबरोबर लहानपणी भोपाळला आलेले. त्यांचं आडनाव सगळे विसरले होते. कामगार त्यांना ‘वसुलीबाबू’ म्हणत, आणि आम्ही मराठी घरांतली माणसं ‘वसुलीकाका’.

वडील गेल्यावर मी त्या संस्थेत टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्याच दिवशी काकांनी माझ्यासमोर एका नोटिसीचा मसुदा ठेवला आणि म्हणाले, “सुनंदा, मी सभ्य लिहिलं आहे. टाइप करताना जास्त सभ्य करू नको, आणि कमी तर मुळीच करू नको.” नोटीस चार ओळींची होती. किती हप्ते थकले, कधीपर्यंत भरायचे, अडचण असेल तर कोणत्या वेळी येऊन भेटायचं, आणि काहीच झालं नाही तर संस्था सहकार खात्याकडे जाईल. धमकी नव्हती, आणि गयावयाही नव्हती.

थकबाकीदाराच्या घरी काका उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नसत. सायकल कोपऱ्यावर लावायची, बेल वाजवायची, दोन पायऱ्या खाली उतरून उभं राहायचं. दार बायकोनं किंवा मुलानं उघडलं तर फक्त “शुक्लाजी हैं? सोसायटी में एक कागज़ पर दस्तख़त चाहिए थे,” एवढंच. पैशांचं नाव फक्त कर्जदारासमोर काढायचं. घरात पाहुणे दिसले तर तेही नाही, सरळ परत. मी एकदा विचारलं, “काका, आत बसलात तर काय बिघडतं?” ते म्हणाले, “बसलो की चहा येते. चहा आणायला पोरगी येते. ती विचारते, हे कोण? मग बापाला पोरीसमोर खोटं बोलावं लागते. ते पाहायची मला किळस येते.”

कर्जदारांचीही ते गय करत नसत. सोनागिरीत राहणाऱ्या एका वेल्डरनं तीन वर्षांत दोनदा ‘माँ गुज़र गईं’ असं सांगून हप्ता पुढे ढकलून घेतला होता. दुसऱ्यांदा काकांनी समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “यही लिखकर दे दीजिए, तारीख़ के साथ. पिछली बार वाली भी मेरे पास रखी है.” वेल्डरनं कागदाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि खिशातून पैसे काढले. तो गेल्यावर काका बराच वेळ हात धूत राहिले. “जित्या माईला दोनदा जाळलं यानं,” ते म्हणाले. “अन् पैसे खिशातच होते.”

तरी पैसे येत. कोणत्या खात्यात ओव्हरटाइम चालू आहे, बोनस कधी, कुणाच्या मुलाची फी कोणत्या महिन्यात, हे काकांना ठाऊक असे. माणसाला झेपेल तेवढाच हप्ता ते कागदावर लिहून घेत, पण लिहून घेतला की त्या तारखेला दारात हजर. दहा रुपये आले तरी पावती देत. जामीनदाराला कळवायची वेळ आली तर आधी कर्जदाराला सांगत की उद्या मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्या एका रात्रीत निम्मे लोक पैसे उभे करत.

मग संस्थेची निवडणूक झाली आणि नवे सचिव आले. त्यांना काकांची पद्धत म्हणजे बैलगाडी वाटली. त्यांनी कोलार रोडवरच्या एका वसुली एजन्सीला काम दिलं आणि मला थकबाकीदारांची यादी टाइप करायला सांगितली. नाव, क्वार्टर नंबर, आणि शेवटच्या रकान्यात मुलं कोणत्या शाळा-कॉलेजात जातात ते. मी टाइप केली. खरं सांगायचं तर मला त्यात काही वाटलं नाही. रकाना होता, मी भरला.

काकांनी यादी पाहिली तेव्हा त्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “हे कशाला पाहिजे?” मी म्हटलं, “सचिवांनी सांगितलं.” त्या दिवशी त्यांनी सचिवांना लेखी कळवलं की घरच्यांची माहिती बाहेर देणं नियमात बसत नाही. सचिवांनी तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला.

यादीत तिवारींचं नाव होतं. तिवारी क्रेन चालवायचे. बायकोच्या ऑपरेशनसाठी कर्ज घेतलं होतं आणि पाच हप्ते थकले होते. एजन्सीचे दोन जण सकाळी त्यांच्या क्वार्टरसमोर खुर्च्या टाकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगू लागले की हा चोर आहे. दुपारी तिवारींची मुलगी कॉलेजातून आली. त्यांनी तिला तिच्या नावानं हाक मारली, कॉलेजचं नाव घेतलं, आणि त्यातला एक हसत म्हणाला, “बाप नहीं दे पा रहा तो तुम भी तो कमा सकती हो.” शेजाऱ्यांनी ऐकलं. मग एकेकानं दार लावून घेतलं. मुलीनं कॉलेजला जाणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी तिवारींची बायको ऑफिसात आली. मे महिना होता. बरोबर हातगाडीवाला, आणि हातगाडीवर कुकर, शिलाई मशीन, दोन पातेली आणि छताचा पंखा. “सब ले लीजिए,” ती म्हणाली, “बस उन लोगों को हटा दीजिए.” पंखा तर तिचा नव्हताही, क्वार्टरचा होता, कारखान्याचा. सचिव आतून बाहेर आले, हातगाडीकडे पाहून म्हणाले, “देखा? असर तो होता है.”

काकांचा चेहरा अगदी सपाट झाला होता. ते उठून तिवारीबाईंना म्हणाले, “भाभीजी, संस्था सामान नहीं लेती. चलिए.” हातगाडीबरोबर ते भर उन्हात चालत गेले. इलेक्ट्रिशियनला बोलावून पंखा परत बसवून घेतला. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच थकबाकीदाराच्या घरात शिरले होते, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. पंखा फिरेपर्यंत ते आत उभे होते. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही.

परत येऊन त्यांनी दोन तक्रारी लिहिल्या, एक पोलिस ठाण्यासाठी, एक सहकार खात्यासाठी. मला टाइप करायला दिल्या. दुसऱ्या तक्रारीत एक ओळ रिकामी होती: यादी कोणी तयार केली.

“काका, इथे काय लिहू?”

“जे खरं आहे ते.”

“माझी नोकरी जाईल.”

“जाऊ शकते,” ते म्हणाले. “मी तुझं नाव लिहिणार नाही, सुनंदा. ते तुझं तू लिही, नाहीतर ओळ काढून टाक. पण ओळ काढली तर सचिव म्हणतील, कॉलेजचं नाव त्या पोरांना कुठून कळलं कोण जाणे.”

मी एक अख्खा तास टाइपरायटरसमोर बसले. मला काकांचा राग आला, सचिवांचा आला, आणि स्वतःची तर इतकी घाण वाटली की कीजवर बोटं ठेवणं नकोसं झालं. शेवटी मी माझं नाव टाइप केलं आणि सही केली.

चौकशी झाली. मी जबाब दिला. एजन्सीचं काम बंद झालं, त्या दोघांवर गुन्हा नोंदला गेला. माझी नोकरी वाचली. सचिव मात्र खुर्चीवर तसेच राहिले आणि त्यांनी काकांना स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत वसुलीकाका रिमं आणि टाचण्या मोजत होते. तिवारींनी कर्ज पूर्ण फेडलं. दर महिन्याला ते हप्ता भरायला आले की आधी स्टेशनरीच्या खोलीत जाऊन पावती काकांना दाखवत. मुलगी पुन्हा कॉलेजला गेली नाही. तिवारींनी तो विषय कधी काढला नाही, आणि काकांनीही कधी “शेवटी सगळं नीट झालं” असं म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर ते जवाहर चौकाजवळ मुलाकडे राहत. मुलानं मोबाइलवरून कर्ज घेतलं आणि थकवलं. वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधले सगळे नंबर काढले आणि काकांना फोन सुरू झाले. दिवसाला वीस-वीस. मी भेटायला गेले तेव्हा फोन स्पीकरवर होता. पलीकडचा पोरगा काकांच्या दिवंगत पत्नीबद्दल जे बोलत होता, ते मी लिहू शकत नाही. काका वहीत वेळ आणि नंबर लिहून घेत होते. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, “बेटा, तुम्हारा अधिकार-पत्र किसके नाम का है?” फोन कट झाला.

“बंद करून टाका ना फोन,” मी म्हटलं.

“कर्ज कर्ज आहे, शिवी शिवी आहे. दोन वेगळ्या फायली,” ते म्हणाले. मुलाला समोर बसवून त्यांनी कंपनीला पत्र लिहायला लावलं, दरमहा एवढे देईन म्हणून, आणि पहिला हप्ता त्याच्याच पगारातून भरायला लावला. मुलगा कुरकुरला, “पापा, वो लोग गाली दे रहे हैं और आप पैसे दिलवा रहे हो?” काकांनी त्याच्याकडे तशाच वळलेल्या ओठांनी पाहिलं आणि म्हणाले, “तू घेतले होते ना?” शिव्यांची तक्रार त्याच कंपनीच्या नावे त्यांनी मला तोंडी सांगितली आणि मी टाइप केली. वयामुळे त्यांची सही आता वाकडी आली.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. स्मशानात टाउनशिपमधली सात-आठ माणसं होती. तिवारी होते. तो वेल्डरही होता, मागे, एकटाच.

तक्रारीचं उत्तर तेराव्याच्या आसपास आलं. मुलानं ते मला आणून दिलं. छापील कागद, खाली सही नाही. लिहिलं होतं की आमच्या प्रतिनिधीनं तक्रारदाराशी संपर्क साधला, तक्रारदाराचं पूर्ण समाधान झालं आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे.

मी तो कागद दोनदा वाचला. मग कॉम्प्युटर लावला आणि लिहिलं की आपण ज्यांचं समाधान केलं, ते गृहस्थ आपला कागद निघाला त्याच्या नऊ दिवस आधी वारले आहेत. फोनच्या वेळा आणि नंबर सोबत जोडत आहे. तक्रार बंद समजू नये. भाषा सभ्य ठेवली. खाली माझं पूर्ण नाव टाइप केलं, सही केली, आणि पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

परवा तिसरं स्मरणपत्र पाठवलं.