डाकूच्या सिनेमातला ढावलो

शेलूबाजारच्या अलीकडे, टेकडीच्या उतारावर गोमतीबाईचा तांडा होता. तिथं नवा माणूस आला की बाया आधी पोरं आत घ्यायच्या आणि मग विचारायच्या, काय काम हाये. त्याला कारणही तसंच होतं. आसपास कुठं घर फुटलं, कुणाचा बैल खुंट्यावरून सुटला, की शिपाई पहिल्यांदा तांड्यात यायचे. कणग्या उपसायचे, गोधड्या झाडायचे, काही सापडलं नाही तरी जाताना एखाद्याला सोबत न्यायचे. गोमतीबाईच्या नवऱ्याला, रामधनला, असंच एकदा नेलं होतं. तो परत आला, पण पुढं कधी बाजाराच्या गर्दीत उभा राहिला नाही. काही वर्षांनी तापात गेला. मागं राहिली गोमतीबाई आणि तिची एकुलती एक लेक सोनी.

गोमतीबाई शेलूबाजारच्या मारोतरावांच्या शेतात कामाला जायची. पण तांड्यात तिचा मान होता तो ढावल्यामुळं. बंजाऱ्यांत लग्न झालेली मुलगी सासरी निघते तेव्हा एकेका नातलगाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. नुसतं रडून भागत नाही, आणि नुसतं गाऊनही भागत नाही. कुठं आवाज चढवायचा, कुठं तो आपोआप मोडू द्यायचा, हे नवरीला शिकवावं लागतं. तांड्यातल्या सगळ्या नवऱ्या हे गोमतीबाईकडून शिकल्या.

सोनीच्या लग्नाच्या वेळीच ती जीपगाडी तांड्यात आली. गाडीत खांबेटे नावाचा चष्मेवाला माणूस, त्याचे दोन सोबती आणि चाकं फिरणारं एक यंत्र. खांबेटे सिनेमा काढणार होता. कुठल्या बड्या कंपनीचा माणूस नव्हता तो, आपल्याच हिमतीवर उभा राहिलेला. त्याला बायांचा आवाज यंत्रात भरून हवा होता.

तांड्याचे नाईक धरमसिंग यांनी गाडीकडं बघूनच मान हलवली. "आज आवाज नेतीन, उद्या त्या आवाजावून मानूस धरतीन. आपल्याले नाई पायजे."

खांबेटे वाद घालत बसला नाही. लिंबाखाली बसून राहिला, दिलेला काळा चहा प्याला आणि मग नाइकाचंच बोलणं त्याला यंत्रातून ऐकवलं. मधे नाईक खोकलेले होते, तो खोकलाही निघाला. सगळा तांडा हसला. नाईकही हसले. त्या हसण्यात त्यांचा नकार कुठंतरी सुटला.

गोमतीबाई तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "हे तुमी लावसान कुठं?"

"माझ्या चित्रपटात मुलगी सासरी निघते. तिथं," खांबेटे म्हणाला.

"तिथंच?"

"तिथंच, बाई."

मग तिनं होकार दिला. सोनी तिच्या गळ्यात पडून 'याडी, याडी' करत गायली आणि यंत्राची चाकं फिरत राहिली. याडी म्हणजे आई. खांबेटे त्याच संध्याकाळी निघून गेला.

पुढं दोन हंगाम गेले. शेलूबाजारला फिरत्या टॉकीजचा तंबू लागला तेव्हा गावभर बोलबाला झाला की त्या जीपवाल्याचा सिनेमा आला. गोमतीबाई तांड्यातल्या बायांना घेऊन गेली. पडद्याच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. तिच्या शेजारी मारोतरावांची बायको मनकर्णाबाई बसली होती. सिनेमात ओळखीचा नट नव्हता, नाच नव्हता, विनोद नव्हता. पुरुषांकडून शिट्ट्या सुरू झाल्या. मग पडद्यावर अंधुक पहाट झाली, डोंगरावरून घोडे उतरू लागले. तोंडाला फडकं बांधलेले डाकू गावावर चालून येत होते. ढोल नाही, नगारा नाही. तंबू चिडीचूप झाला आणि त्या शांततेत एका बाईचा आवाज उठला, "याडीऽऽ..."

गोमतीबाईनं आवाज तिथंच ओळखला. सोनी! शब्दाच्या शेवटी आवाज मोडायचा आणि मोडता मोडता पुन्हा उचलायचा, तो सोनीचाच. दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

डाकूंनी गाव लुटलं. सोनी रडत राहिली. मनकर्णाबाईनं अंधारात आपल्या गळ्यातल्या बोरमाळेवर हात ठेवला आणि नकळत थोडी पलीकडं सरकली. ते गोमतीबाईनं पाहिलं.

मारोतराव हे गावातले सिनेमाचे दर्दी. मुंगसाजीच्या हॉटेलात बसून कुठल्या डायरेक्टरनं काय साधलं आणि कुठं माती खाल्ली यावर ते तासन्‌तास बोलत. दुसऱ्या दिवशी शेतात आले तेही तेच बोलत. "दुसरा असता त ढोल बडवले असते. यानं बाईचं रडनं लावलं! अंगावर काटा आला राजा. मानलं पायजे डायरेक्टरले."

"थे माह्या सोनीचं रडनं हाये, पाटील," गोमतीबाई म्हणाली.

मारोतराव हसले. मग हसायचे थांबले. "तुह्या सोनीचं? थो आवाज त्याच्यापाशी कसा गेला?"

तिनं सगळं सांगितलं. मारोतराव ऐकत होते, पण त्यांची नजर बदलत गेली. "म्हंजे थे लोक तुमच्या तांड्यात राहून गेले. मंग डाकूचं सोंगबी तिथूनच उचललं असन त्यायनं?"

हातातलं खुरपं खाली ठेवून गोमतीबाई बांधावर गेली आणि पाणी न पिताच परत आली.

पुढच्या बाजारापासून ते सुरू झालं. तांड्यातलं कुणी दिसलं की पोट्टे 'याडीऽऽ' करून ओरडत आणि घोड्यासारखे टापा वाजवत पळत. दुकानदार हसत, पण हसता हसता बाहेर मांडलेला माल आत सरकवत. तांड्याच्या लोकांनाही आता गोमतीबाईबद्दल शंका येऊ लागली. तिनं त्या माणसाला होकार का दिला? धरमसिंग नाइकांना आपला खोकला आणि आपलं हसणं आठवत नव्हतं. "मी नाई म्हनलं होतं," एवढंच ते म्हणत.

मग एक दिवस सोनी गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. तिचं सासर कारंज्याकडच्या तांड्यात. तिथंही सिनेमा पोचला होता आणि आवाज ओळखायला तिथंही वेळ लागला नव्हता. सासू नानीबाई म्हणाली होती, नवरीचं रडणं माहेरच्या लोकांसाठी असते, हिनं थे डाकूले देऊन टाकलं. नवरा उदयसिंग काहीच बोलला नव्हता. त्याचं न बोलणंच सोनीला जास्त लागलं होतं.

चुलीपाशी बसून सोनीनं आईला विचारलं, "याडी, तुले ठाऊक होतं का?"

"काय?"

"का थो हे असं करनार हाये म्हनून."

गोमतीबाईनं लेकीकडं पाहिलं. सगळ्या मुलखानं संशय घेतला तो तिनं पचवला होता. हा पचेना. "नाई," ती म्हणाली. पण सोनीनं लगेच मान खाली घातली, म्हणजे तिला ते पुरतं पटलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी मारोतरावच खबर घेऊन आले. सिनेमा अजून कारंज्यालाच होता आणि खांबेटे स्वतः तिथं येऊन लोकांशी बोलत होता. बडी कंपनी पाठीशी नसल्यानं तो असाच तंबू-तंबूनं आपल्या सिनेमामागं फिरायचा. "मी चाललो," मारोतराव म्हणाले. "तुमी मायलेकी चाला. मले पाहाचंच हाये, थो तुमाले ओळखते का नाई थे."

म्हणजे त्यांचा अजूनही भरवसा नव्हता. गोमतीबाईला ते कळलं, तरी ती निघाली. तिघं मोटारीनं कारंज्याला पोचले तेव्हा दुपार कलत होती. तंबूच्या तोंडाशी सतरंजी टाकून खांबेटे बसला होता आणि भोवती कारंज्याची जाणती मंडळी. एक मास्तर म्हणत होते की सिनेमा फार संथ आहे, प्रेक्षकाच्या सहनशक्तीचा अंत पाहतो. एक कापसाचे व्यापारी म्हणत होते की संथ आहे म्हणूनच खरा वाटतो. मारोतरावांनी बसल्या बसल्या त्या वादात उडी घेतली.

गोमतीबाई उभीच राहिली. खांबेट्याची नजर आधी तिच्यावर आणि मग सोनीवर गेली. तो उठला. "सोनीबाई! तुम्ही सिनेमा पाहिलात?"

मारोतरावांनी खाली मान घातली. ओळख पटली होती.

"पाह्यला," गोमतीबाई म्हणाली. "पोरगी सासरी निघते तिथं लावतो म्हनलं होतं तुमी."

"तिथंच लावलाय, बाई."

"खोटं!"

खांबेट्याचा चेहरा लाल झाला. "मी खोटं बोलत नाही. मुलगी सासरी निघते, तिथून तो आवाज सुरू होतो."

"साहेब," मारोतराव म्हणाले, "मी थो सिनेमा पाह्यला, पुन्हा जाऊन पाह्यला. पोरगी सासरी जायचा सीनच नाई त्यात."

खांबेटे त्यांच्याकडं बघतच राहिला. मग तडक तंबूच्या मागं यंत्राच्या खोलीकडं गेला. तिथून मोठ्यानं बोलण्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. शेलूबाजारचाच तंबू इथं आला होता; त्याच्या मालकाला दिवेलागणीनंतर दोन खेळ करायचे असत, सिनेमा लांब पडत होता. एका रिळात 'नुसतं लग्न आणि रडारड' म्हणून त्यानं ते लावणंच बंद केलं होतं.

त्या संध्याकाळी ते रीळ लावलं. पडद्यावर मुलगी बापाच्या गळ्यात पडून आईच्या नावानं रडत होती आणि सोनीचा आवाज तिच्या ओठांतून येत होता. गाडी निघून गेली तरी आवाज थांबला नाही. बाप तसाच वळला, घोड्यावर बसला, तोंडाला फडकं बांधलं. तोच डाकूंचा म्होरक्या होता. लेकीचं रडणं कानात घेऊन तो गाव लुटायला निघाला होता.

मारोतराव हरखून गेले. "आता समजलं! बाप हाये थो! काय डोकं चालवलं राजा!"

सोनी अंधारात हुंदके देत होती. गोमतीबाईनं तिचा हात धरला. तंबूतून बाहेर पडल्यावर ती खांबेट्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"रीळ काढलं थे तुमी नाई काढलं, हे मानलं. पन डाकूवर आवाज कायले आनला? गाडी गेली तिथंच थांबवाचा होता."

"त्या बापाच्या कानात तो आवाज आहे, बाई. तो थांबला असता तर तो नुसता डाकू झाला असता."

"अन् आमी काय झालो?"

खांबेटे म्हणाला, "तुमच्यावर हे येईल, असं माझ्या मनात आलं नव्हतं. यायला हवं होतं. पण मला विचाराल तर तो आवाज मी आजही तिथंच ठेवीन."

तिला त्याचा राग आला. पण गोड बोलून त्यानं वाट काढली नाही, हेही तिनं ओळखलं. "मंग शेलूबाजारले या," ती म्हणाली. "आख्खा दाखवा. अन् हिच्या सासरी येऊन सांगा, पोरीनं आवाज कायच्यासाठी देल्ला होता थे."

तो आला. दोन्हीकडं आला. सोनीच्या सासरी तांड्याच्या मधोमध बसून त्यानं सगळी हकीकत सांगितली. नानीबाईनं ती तोंडावर पदर घेऊन ऐकली आणि उठून गेली. उदयसिंग मात्र शेलूबाजारच्या तंबूत पुरुषांच्या बाजूला येऊन बसला. खेळ सुटल्यावर तो बायकोपाशी आला, म्हणाला, "चाल घरी." सोनी गेली. पण नानीबाईनं आपण असेपर्यंत त्या तांड्यात कुठल्याही लग्नात सोनीला ढावलो शिकवू दिला नाही.

शेलूबाजारच्या त्या खेळात मनकर्णाबाई पुन्हा गोमतीबाईच्या शेजारी बसली होती. लेकीच्या पाठवणीला तिनं पदर डोळ्यांना लावला. "गोमते, याडी म्हंजे काय वं?"

"माय."

बाजारातले बरेचसे पोट्टे नंतर गप्प झाले. सगळे झाले नाहीत. ज्यांना टापा वाजवण्यातच मजा होती, त्यांना रिळाशी देणंघेणं नव्हतं.

त्यानंतर शेतात मारोतराव आणि गोमतीबाई यांचा वाद कायमचाच झाला. कापूस वेचता वेचता बाया दोन्हीकडचं ऐकत. मारोतराव म्हणत, डायरेक्टरचा यात काय दोष? रीळ दुसऱ्यानं काढलं. गोमतीबाई म्हणे, आपला सिनेमा घेऊन गावोगाव फिरनारा मानूस, अन् त्यातलं आख्खं लगन गायब झालेलं त्याले दिसलं नाई? का दिसलं, अन् लोक टाळ्या पिटून राह्यले म्हनून गप राह्यला? त्यावर मारोतराव म्हणत, "तू लय वहिमी हायेस." ती म्हणे, "हाये."

काही वर्षांनी खांबेट्याचा दुसरा सिनेमा मंगरूळपीरला लागला. गोमतीबाई कुणाला न सांगता जाऊन पाहून आली. सकाळी मारोतरावांनी उत्सुकतेनं विचारलं, "कसा हाये? आपल्याकडचं काई घेतलं का त्यानं?"

"काई नाई," ती म्हणाली. वेचलेला कापूस टाकायला कमरेला पदराचा ओटा बांधून ती कपाशीच्या ओळीत शिरली. मग थांबून वळली. "पन आख्खा दाखोला का नाई, कोनाले मालूम."