लेकराची कसली परीक्षा?

अंबडच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. उकळत्या वरणाने माझ्या सहा वर्षांच्या लेकीचा उजवा हात भाजला होता, आणि तीर्थपुरीहून आम्ही एक दिवसाआड त्याच्याकडे जात होतो. चिकटलेली पट्टी तो कधी ओढत नसे. सलाईनचं पाणी थेंब थेंब सोडून भिजवायचा आणि तिलाच विचारायचा, "ताई, काढू का आता?" तिने मान हलवेपर्यंत तो थांबायचा. बाहेर रांग कितीही कुरकुरली तरी थांबायचा.

एकदा ती फार किंचाळली. मी चिडून बोलून गेलो, "घरचे म्हणतात, देव परीक्षा घेतोय. सगळं त्याच्या हातात आहे, तर त्याने हे होऊच का दिलं?"

"परीक्षा म्हनू नका, सर. लेकराची कसली परीक्षा?" तो पट्टीवरची नजर न काढता म्हणाला. "इतकी वर्षं जळालेली मानसं पाहून राह्यलो, मला बी न्हाई कळलं. मी रोज भांडतो त्याच्याशी. पन तुमी आता जरा हसा. पोरगी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली."

मी कसाबसा हसलो. तिचं रडणं हळूहळू ओसरलं.

शेवटच्या दिवशी त्याने आपला अंगठा पुढे केला. "दाब, ताई. जोरात!" तिने उजव्या हाताने दाबला. "मेलो की!" तो ओरडला, आणि ती खदखदून हसली.

माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. त्या दिवशी मात्र बाहेरच्या बाकावर बसून मी पोटभर रडलो. शेजारी लेक त्याच हाताने मोसंबी सोलत होती.