सीडीत अडकलेली हाक

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या सीडीच्या कप्प्याच्या बारक्या भोकात टाचणी खुपसत बसणं. लवळ्याला शिकणारा एक भाडेकरू भुकूमची आमची खोली सोडताना तो जुना डबा ठेवून गेला होता. त्यावर आम्ही एकच बघायचो, लेकीच्या लग्नाची सीडी. बघायची बायको, मी नुसता शेजारी बसायचो. त्या संध्याकाळी सीडी आत गुरगुरली, चित्र थांबलं आणि कप्पा काही केल्या बाहेर येईना. टाचणी वाकली. तिनं डोक्यातला आकडा काढून दिला. मी जोर लावला तशी हातावर चापट बसली.

"अवो, मोडाल. ऱ्हाऊ द्या आत, सकाळी बगू."

सकाळी ती उठलीच नाही.

दहावं झालं, पाव्हणे पांगले, माझी थोरली बहीण तेवढी मागं राहिली. बायकोचे फोटो घरात ढीगभर आहेत. आवाज मात्र त्या सीडीतच, एका जागी. मंडपातून मला हाक मारते, फोटोला या म्हणून. लेकीनं पौडच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, अजिबात चालवू नका, आतली मशीन सीडीला खरवडतीये. डबाच घेऊन या, सीडी अख्खी काढून आवाज फोनमध्ये घालून देतो.

मला दम कुठला. दिवेलागणीला बटण दाबलं. गुरगुर झाली, पडदा काळाच. बराच वेळ बसून वैतागलो आणि ते तसंच चालू ठेवून मागं शेळीला पाला टाकायला गेलो. बहीण तिथंच शेण भरत होती. घर मोकळं.

"अवो, हिकडं या की."

आतनं आलं. बहिणीनं माझं मनगट धरलं. आमच्याकडं तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तीनदा आली तरच ती माणसाची. ही सीडीच आहे हे मला कळत होतं, तरी मी पाला हातात धरून पुढच्या हाकेची वाट बघितली.

"या की."

मग थांबून परत, "या की."

लग्नात ती एकदाच म्हणाली होती. सीडी अडकली असणार, दुसरं काय. मी ओ दिली. "आलो गं."

आत पडदा काळाच होता. कप्प्यात खरखर चाललेली. मी वायर उपटली, तरी खरखर जरा वेळ चालूच राहिली.

बहीण उंबऱ्यावरूनच बोलली, "न्ह्यायला आलीया ती तुला. उद्या ह्यो डबा नदीत सोड."

"न्हेऊ दे न्ह्यायचं तर," मी म्हटलं. "आवाज मी सोडणार न्हाई."

सकाळी डबा गोधडीत बांधला आणि पौडची एस्टी धरली. बहिणीनं अडवलं नाही. वाटंत कुणी हाक मारली तर ओ देऊ नको, एवढंच म्हणाली. कंडक्टर तिकिटाचं विचारत होता. मी डबा मांडीवर घेऊन गोधडीला कान लावून बसलो होतो.