देव्हाऱ्यातल्या गोळ्या

शेवंताकाकू नसती तर आज मी नसते, आणि माझी लेक परीसुद्धा नसती. हे आधी सांगते, मग बाकीचं. मी सातवीपर्यंतच शिकले, लिहिताना माझं मागचं पुढं होतं. पण तिचं नाव मागं राहायला नको.

कुरुंद्यात माझ्या सासरच्या घराला लागून तिचं घर. गावात बाई भेटली की विचारतात, "जेवलीस का?" काकू विचारायची, "झोपलीस का ग बराबर?" हळद उकडताना कढईपाशी बाया बसल्या की कुणीतरी तिला डिवचायचंच, "काकू, नवऱ्याच्या घोरण्यानं झोप न्हाई, औषध सांग." काकू म्हणायची, "घाल त्याला कढईत." सगळ्या हसायच्या. ती हसायची नाही.

लग्नाआधी एकदा माझं डोकं फिरलं होतं. झोप उडाली, कानात कुणीतरी बोलायचं, मी अनवाणी रानात पळायचे. गोळ्या सुरू झाल्या आणि माणसात आले. सासरी हे सगळं सांगूनच लग्न झालं. पण दिवस राहिले तशा सासूबाईंनी गोळ्या उचलल्या आणि देव्हाऱ्यात देवीच्या टाकाखाली ठेवल्या. "बाळंतपण होईस्तोवर ह्या देवीच्या. लई गरम औषध, पोटातलं लेकरू जळंल." त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. रोज स्वतःच्या हातानं हळदीचं दूध करून द्यायच्या. पण देवीला वाहिलेलं परत कोण उचलणार? नवऱ्यानंही त्यांना हात लावला नाही.

माझी झोप गेली. मग कानातलं बोलणं परत आलं. विहिरीवर गेलं की पाणी हाक मारतंय असं वाटायचं. कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी काकूनं दारातून विचारलं, "झोपलीस का ग?"

"झोप कशाला पाहिजे, काकू? मला थकवाच येत न्हाई आता."

ती तशीच आत आली. चपला काढून तडक देव्हाऱ्यापाशी गेली, देवीचा टाक कपाळाला लावून बाजूला ठेवला आणि गोळ्या पदरात घेतल्या.

सासूबाई ओरडल्या, "शेवंता, देवीचं हाय ते! पाप लागंल!"

"मला लागू दे. माझं काय न्यायचं राहिलंय देवीला?" काकू म्हणाली. "माझ्या लेकीच्या, सुमीच्या गोळ्या मीच चुलीत घातल्या व्हत्या, मालनबाई. पोटुशी व्हती म्हणून. बाळंत झाली आन् झोपंना झाली. मी रोज इचारायचे, जेवलीस का? जेवायची ती. एक दिवस लेकराला घेऊन विहिरीत गेली."

सासूबाईंनी टाक उचलून परत देव्हाऱ्यात ठेवला. मी गोळ्यांसाठी हात पुढं केला, तर काकूनं पदर आवळला. "तशाच गिळू नको. डॉक्टरला इचारू. तुमीबी चला, मालनबाई, आपल्या कानानं ऐका."

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी दोनातली एक गोळी बदलली, ती गर्भाला बाधू शकते म्हणून. दुसरी चालू ठेवली. म्हणाल्या, "सगळ्याच गोळ्या चालतात असं नाही, सगळ्याच वाईट असंही नाही. पण आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. खरं तर दिवस राहायच्या आधीच विचारायचं असतं." त्या दिवसापासून गोळी सासूबाईच माझ्या हातावर ठेवू लागल्या.

परी झाली. लगेच बायांची कुजबुज सुरू झाली, हिचं दूध विषारी, पाजू नका. काकू आम्हाला घेऊन परत हिंगोलीला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्या गोळ्यांवर पाजता येईल. लेकरू फार गुंगीत राहतंय का, नीट ओढतंय का, वजन वाढतंय का, तेवढं बघा." काकूनं ते काम स्वतःकडं घेतलं. रोज दुपारी परीला ओसरीवर न्यायची, तळव्याला गुदगुल्या करायची. "जागी हाय का ग? व्हय, हाय! बापावानी बोंबलून राहिली." आणि मला आतून दार लोटून घ्यायला लावायची. "तू झोप. मी हाय."

आता आम्ही चाकणला असतो. नवरा कंपनीत, परी बालवाडीत. दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की मला ती विहीर आठवते. पण आधी डॉक्टरला विचारायचं, एवढं पक्कं आहे. काकूचा फोन आला की पहिलं तेच, "झोपलीस का?" परवा मी उलटं विचारलं, "काकू, तू झोपतीस का ग?"

ती म्हणाली, "सुमी गेल्यापासून न्हाई, पोरी. मला कोण इचारून राहिलं?"

सुट्टी मिळाली की कुरुंद्याला जाणार आहे. तिला हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडं नेईन. मग दुपारी ओसरीवर तिचं डोकं मांडीवर घेईन आणि म्हणेन, तू झोप, मी हाय. तिला जाग येईपर्यंत मांडी हलवणार नाही.