दोन्ही डोळे उघडे

नरसय्या सर मायक्रोस्कोपात पाह्यताना दुसरा डोळा कधीच मिटत नव्हते. आदिलाबादच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम त्यायचं. घरची भाषा तेलुगू, पण आमच्याशी मराठीच बोलत, अन् सगळ्या बायाइले अम्मा म्हणत.

माहा पोरगा दीड वर्साचा होता, एक फोड सुकला की दुसरा, मानेत गाठ, ताप, आमच्या गावचे, इचोड्याचे, सारे डॉक्टर झाले, अन् सासू म्हणे, "तुह्या दुधातच खोट हाय." मी सातवीतून शाळा सोडलेली, मले तेच खरं वाटे.

सर म्हणाले, "काऊन भेऊन राह्यली अम्मा? पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, मग आतमधी जाळतात. याच्या पेशी जाळतात का, ते पाहू. हा पिवळा रंग टाकतो. पेशीनं गिळून जाळला तर निळा होते. बाजूले एक चांगलं रक्त पाह्यजे."

"माहं घ्या," मी म्हणलं.

पोराच्या काचेवर एकही पेशी निळी नाही. माह्या काचेवर अर्ध्याच. "रंग बिघडला वाटते," म्हणून सरनं सुई सोताच्या बोटाले टोचली, सगळं परत केलं. त्यायच्या साऱ्या निळ्या. माह्या परत अर्ध्याच.

"म्हणजे खोट माहीच," मी म्हणलं.

"इकडं ये, पाह्य." मी एक डोळा घट्ट मिटला. "दोन्ही उघडे ठेव. भेवानं मिटला की दुसराही थकते." मंग दिसलं, निळीच्या बाजूले कोरी, कोरीच्या बाजूले निळी. "अर्ध्या काम करून राह्यल्या. तेवढ्यावर तू मोठी झाली, लेकरू जनलं. हे दूध नाही, जन्माचं हाय. अन् तुहं रक्त बाजूले होतं, आईच्या अर्ध्या, पोराची एकही नाही, म्हणून जन्माचा आजार एवढ्या लवकर समजला."

मंग बाहेर बसलेल्या सासूले, म्हणजे मोठ्या अम्माले, म्हणाले, "पेद्दम्मा, तुमी बी या, पाहा. तुमचं बी तपासू का?"

"माहं नको बाबा," सासू म्हणे, अन् पोराले माह्या हातातून घेऊन बसली. दुधाचं मंग कधी बोलली नाही.

डॉक्टरनं रोजचं औषध लावलं, ते चालूच हाय. सर यंदा रिटायर होऊन गावाले गेले. पोराले ताप आला की आधी मी डोळे मिटून देव देव करो. आता त्याले अंगणात उजेडात नेतो, अंगी काढतो, मान, काखा, पाठ, सारं पाह्यतो. भेव तेवढंच लागते. डोळे मिटत नाही.