काकूंच्या पेशी आणि नवा फ्रीजर

आमच्या संशोधन संस्थेत भांडार विभाग माझ्याकडे आणि पेशी वाढवण्याची खोली काकूंकडे. त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तरी सगळ्यांचं ऐकून मीही त्यांना काकूच म्हणतो. "मग मी तुम्हाला बाळ म्हणू का?" असं त्यांनी एकदा चारचौघांत विचारलं, तेव्हापासून जरा जपून असतो.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशी काकू बशीत वाढवतात आणि पारदर्शक, लिबलिबीत जेलमध्ये सोडतात. मी वाणिज्य शाखेचा माणूस. पुढचं सगळं त्यांनीच समजावलेलं. पेशी आधी सुट्या असतात. मग हातपाय लांबवून शेजारणीला धरतात. प्रत्येकीच्या पोटात बारीक बुडबुडे येतात, ते एकमेकांत मिसळतात आणि सलग पोकळी झाली की नळी तयार. "भोवती धरून ठेवणारं काहीतरी लागतं हो," काकू म्हणतात. "नुसत्या बशीत टाकल्या की लोळत पडतात."

यंदा नळ्या होईनात. तीनदा जेल लावलं, तिन्ही वेळा पेशींचे गोळेच झाले. विभागप्रमुख मॅडमनी सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत नळ्या दिसल्या नाहीत तर हे काम बंद. काकू, तुम्हाला काचसामान धुण्याच्या विभागात जावं लागेल." काकू अकरा वर्षं हेच काम करत होत्या. चांगल्या पेशींची एकच कुपी उरली होती.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"साहेब, या नव्या फ्रीजरला बर्फ कसा धरत नाही?"

जुन्या फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ साचायचा, बाटल्यांची लेबलं भिजायची. म्हणून सुट्टीत मीच तो बदलून घेतला होता. मी खुशीत म्हणालो, "खासियतच आहे त्याची. अधूनमधून आपणच आतून गरम होतो आणि बर्फ वितळवून टाकतो."

काकू खुर्चीत बसल्या. "गरम होतो?"

"थोडासाच."

"अहो, त्यातच ठेवतो ते जेल गारव्यात पातळ राहतं आणि ऊब लागली की गोठतं. तुमचा फ्रीजर त्याला रोज थोडं थोडं गोठवतोय. गुठळ्या झाल्यात त्यात!"

मी लगेच मॅडमकडे जाऊन चूक कबूल करायला उठलो, तर काकू म्हणाल्या, "ते मागाहून. आधी चांगलं जेल आणा."

वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत जुना, बर्फाने भरलेला फ्रीजर होता. तिथून एक बाटली मागून घेतली आणि बर्फाची बादली छातीशी धरून मीच खाली आणली. जिन्यात कुणीतरी विचारलं, "साहेब, आइस्क्रीम का?" उत्तर द्यायला थांबलो नाही.

शेवटच्या कुपीतल्या पेशी काकूंनी आठवडाभर वाढवल्या आणि वरून आणलेल्या जेलमध्ये सोडल्या. तिसऱ्या सकाळी मॅडम सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. बराच वेळ नुसतं चाक फिरवत होत्या. काकू मागे उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून.

"पोकळी आहे," मॅडम म्हणाल्या. "या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"नीट बघा, बाई. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"तुम्हीच बघा ना."

काकूंनी डोळा लावला. "या गं बायांनो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "किती छळलंत मला!" आणि डोळा न काढताच त्यांनी पुढच्या आठवड्यासाठी बारा बशा मागितल्या.